हृदयरुग्णाच्या मनाची काळजी: सजगता आणि चित्रोपचार रिहॅबमध्ये सक्तीचे हवेत का?

सायंतारा

हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्या किंवा बायपास झालेल्या माणसाला घरी सोडताना जी फाइल हातात देतात, तिच्यात गोळ्यांच्या वेळा असतात, पथ्य असतं, रोज किती चालायचं ते असतं. भीतीचं काय करायचं, हे कुठेच नसतं. रात्री छातीत जराशी चमक आली की झोप उडते. चार पायऱ्या चढल्या की माणूस नाडी चाचपतो. घरातले त्याच्यापुढे वाईट बातमी बोलायचं टाळतात आणि ते टाळणंही त्याला कळतं. माझ्या वडिलांच्या आजारपणात हे सगळं मी पाहिलं आहे, पण मुद्दा त्यांच्यापुरता नाही.

झटक्यानंतर साधारण पाच जणांपैकी एकाला ठळक नैराश्य येतं. १९९३ मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी झटका येऊन गेलेल्या २२२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हृदयाची अवस्था आणि बाकीचे घटक हिशेबात धरूनही, नैराश्य असलेल्यांना पहिल्या सहा महिन्यांत मृत्यूचा धोका सुमारे चौपट आढळला. २००४ च्या इंटरहार्ट अभ्यासात ५२ देशांतले रुग्ण होते. तिथे ताण, नैराश्य अशा मानसिक-सामाजिक घटकांचा झटक्यातला वाटा जवळपास एक तृतीयांश निघाला. याची कारणंही समजण्यासारखी आहेत. खचलेला माणूस गोळ्या चुकवतो, चालायला जात नाही, सोडलेली सिगारेट पुन्हा धरतो. शिवाय शरीर सतत सावध राहतं, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स नावाच्या पेशी जास्त चिकट होतात, हृदयगतीतला निरोगी चढउतार कमी होतो.

म्हणून माझं मत स्पष्ट मांडते. कार्डिॲक रिहॅबमध्ये, म्हणजे हृदयरुग्णांना पुन्हा उभं करणाऱ्या कार्यक्रमात, व्यायाम जितका नेमाचा असतो, तितकंच नेमाचं एक सजगतेचं (माइंडफुलनेस, म्हणजे या क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याचं ध्यान) आणि एक चित्रोपचाराचं (चित्रं काढून मन मोकळं करण्याचा उपचार) सत्र दर आठवड्याला हवं, आणि ते सगळ्यांसाठी हवं. ही काही कालची फॅशन नाही. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात सजगतेचा कार्यक्रम सुरू केला, तोच मुळी जुनाट दुखण्यांनी बेजार झालेल्या रुग्णांसाठी. इंग्लंडमधले चित्रकार एड्रियन हिल स्वतः क्षयाने आजारी होते. आरोग्यधामात पडल्या पडल्या ते चित्रं काढत आणि पुढे तिथल्या इतर रुग्णांनाही त्यांनी चित्रांकडे वळवलं. दोन्ही पद्धती आजारी माणसांमधूनच वर आल्या आहेत.

तुम्हाला काय वाटतं? याच धाग्यावर उत्तर लिहा.

ताळेबंद

आजाराचं वर्णन अचूक आहे. उपायाशी मात्र असहमत, आणि ठाम असहमत.

२००३ मध्ये एनरिच्ड नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. झटक्यानंतर नैराश्य किंवा एकटेपणा असलेल्या २४८१ रुग्णांपैकी निम्म्यांना रीतसर मानसोपचार दिले गेले. त्यांचं नैराश्य थोडं उतरलं, पण मृत्यू किंवा पुन्हा झटका येणं कमी झालं नाही. एवढ्या काळजीपूर्वक दिलेल्या उपचाराची ही कथा असेल, तर आठवड्यातून एकदा रंगवण्याकडून आपण काय अपेक्षा करतो आहोत?

चित्रोपचाराचे समर्थक २०१६ चा एक अभ्यास नेहमी पुढे करतात: पाऊण तास चित्र, कोलाज किंवा मातीकाम केल्यावर सुमारे ७५ टक्के लोकांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, उतरलं. त्यात ३९ जण होते, सगळे निरोगी, आणि तुलनेला दुसरा गटच नव्हता. पाऊण तास शांत बसूनही तेच झालं असतं का, हे त्यावरून सांगता येत नाही. ध्यानाबद्दल अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये निवेदन काढलं. त्यांनी फार तर एवढं म्हटलं की नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून विचार करता येईल.

माझी खरी काळजी वेगळी आहे. सजगतेत शिकवतात की शरीरातली संवेदना नुसती पाहा, तिच्यामागे धावू नका. हृदयरुग्णाला हे शिकवणं धोक्याचं आहे. छातीत दाब आला, घाम फुटला, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे सरकलं, तर त्या माणसाने ताबडतोब रुग्णवाहिका बोलवायला हवी. तिथे तो डोळे मिटून संवेदनेचं निरीक्षण करत बसला तर हृदयाचा स्नायू मरत राहतो. सगळ्यांना सक्ती करण्याआधी याचं उत्तर द्या.

सायंतारा

छातीतल्या दुखण्याबद्दल पूर्ण सहमत. हा नियम पहिल्याच सत्रात, पहिल्याच वाक्यात सांगितला गेला पाहिजे.

पण एनरिच्डमध्ये मन थोडं सावरलं, हे तुम्ही एका वाक्यात उडवून लावलंत. माणूस किती जगला एवढंच मोजायचं का? उरलेली वर्षं तो भीतीत काढतो की माणसांत, हा निकाल नाही का? आणि आयुष्यावर परिणाम दिसलाच नाही असंही नाही. स्वीडनमधल्या उप्सालाला ३६२ हृदयरुग्णांवर चाचणी झाली. वर्षभर छोट्या गटांत ताण हाताळायला शिकवलं, आणि पुढच्या वर्षांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजाराने पुन्हा डोकं वर काढण्याचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी झालं. २०११ मध्ये हे प्रसिद्ध झालं आहे.

ताळेबंद

तो अभ्यास चांगलाच आहे. पण तिथे विचार आणि वागणूक बदलण्याचं पद्धतशीर काम होतं, दोन-दोन तासांची वीस सत्रं. ध्यान नव्हतं, कुंचलाही नव्हता. एका उपचाराचा पुरावा दुसऱ्याच्या नावावर जमा करू नका. योगाचंच घ्या. भारतातल्या २४ केंद्रांमधल्या ३९५९ रुग्णांवर योग-केअर चाचणी झाली, २०२० मध्ये निकाल आले. मृत्यू, झटका वगैरे घटनांत लक्षणीय फरक पडला नाही.

सायंतारा

आणि त्याच चाचणीत योग करणाऱ्यांनी स्वतःच्या तब्येतीला जरा बरे गुण दिले, आपल्या नेहमीच्या कामांकडे ते जास्त चांगल्या रीतीने परतले. तेही लिहा ना.

नवी_लय

मी स्वतः रुग्ण आहे. हृदयाची गती बिघडते म्हणून छातीत आयसीडी बसवलं आहे, म्हणजे गती जीवघेणी झाली तर आतूनच शॉक देणारं यंत्र. एकदा शॉक बसला आहे. ज्यांना बसला नाही त्यांना मी समजावू शकत नाही. छातीत आतून घोड्याची लाथ बसावी तसं ते असतं, आणि त्यानंतर प्रत्येक धडधडीला पुढच्या लाथेची वाट पाहिली जाते.

मला सजगतेच्या वर्गाला पाठवलं गेलं. डोळे मिटा, श्वास पाहा, आता छातीकडे लक्ष न्या. मी छातीकडे लक्ष नेलं आणि मला फक्त ठोके ऐकू यायला लागले. एक ठोका चुकल्यासारखा वाटला, मग घाम, मग हात गार. शिकवणारी बाई प्रेमळ होती. ती म्हणाली, भीतीलाही मायेने पाहा. मी उठून बाहेर आलो.

माझ्यासारख्याचा दिवस तसाही स्वतःचं हृदय ऐकण्यातच जातो. आमचं लक्ष कमी पडत नाही, ते नको तितकं आत वळलेलं असतं. त्याच ठिकाणी आणखी लक्ष द्यायला सांगणं मला सोसलं नाही. सायंतारा, तुमच्या योजनेत हे सक्तीचं असतं तर मी रिहॅबच सोडलं असतं.

चित्रांचा अनुभव मात्र उलटा आला. समोर कागद होता, हातात तेलखडू, आणि नजर बाहेर. निळ्यात किती पांढरा मिसळला की हवा तो रंग येईल, हे पाहताना बराच वेळ मी नाडीला हात लावला नव्हता, हे नंतर लक्षात आलं. मला कोणी चित्राचा अर्थ विचारला नाही, त्याबद्दल मी आजही ऋणी आहे. तुम्ही दोघंही ध्यान आणि चित्र एकाच पिशवीत घालून भांडता आहात. माझ्या शरीरावर त्यांचा परिणाम अगदी परस्परविरोधी झाला.

रिहॅबमधली

मी फिजिओथेरपिस्ट आहे, हृदयरुग्णांच्याच विभागात. नवी_लय यांचा प्रतिसाद सजगता शिकवणाऱ्या प्रत्येकाने वाचावा.

ज्यांना धडधडीची धास्ती आहे त्यांना छाती आणि श्वास सोडून दुसरा आधार द्यायचा असतो. तळपायाखालची जमीन, खोलीतले आवाज, मांडीवर ठेवलेल्या हातांचा स्पर्श. डोळे उघडेच ठेवायचे. बसणं थोड्या मिनिटांचं, आणि मध्येच उठायची मोकळीक पहिल्यापासून. श्वास रोखून धरायचा नाही, हे तर अनेक ठिकाणी सांगितलंच जात नाही. रक्तदाब जास्त असलेल्या किंवा हृदय अशक्त झालेल्या माणसाने उगाच कुंभक करू नये. उलट, मिनिटाला सहाच्या आसपास असा संथ श्वास हृदय अशक्त झालेल्या रुग्णांतही अभ्यासला गेला आहे. रक्तदाब सांभाळणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेला त्याने मदत होते. पण ज्याला श्वासाकडे पाहिलं की घाबरायला होतं, त्याला तो देऊ नका.

चित्रांच्या बाजूनेही शारीरिक काळजी असते. बायपासनंतर छातीचं हाड जुळायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर भिंतीवर टांगलेल्या मोठ्या कागदावर खांद्याच्या वर हात नेऊन रंगवणं नको, घट्ट माती दोन्ही हातांनी जोर लावून मळणं नको. टेबलावरचा कागद, मऊ खडू, कोपरांना आधार. हे ठरवायला कलाशिक्षक आणि फिजिओ एकत्र बसायला लागतात.

सायंतारांच्या बाजूचं एकच सांगते. आमच्याकडे एक गृहस्थ येत. कसं वाटतं विचारलं की उत्तर ठरलेलं: एकदम छान. एका सत्रात शरीराची नुसती बाह्यरेषा छापलेला कागद दिला, जिथे जे वाटतं ते रंगवा म्हटलं. त्यांनी डावी बाजू संपूर्ण काळी केली, खडू तुटेपर्यंत. त्या दिवशी पहिल्यांदा बोलले की रात्री झोपायलाच भीती वाटते, सकाळ होईल की नाही म्हणून. आम्ही त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवू शकलो.

कुंचलेकरी

मी चित्रोपचाराचं प्रशिक्षण घेतलं आहे, म्हणजे या धाग्यावर मी समर्थक असायला हवी. तरी सक्तीला माझा विरोध आहे, आणि रिहॅबमधलींनी सांगितलेल्या प्रसंगालाही थोडा आक्षेप आहे.

झटक्यानंतर साधारण आठांपैकी एकाला आघातोत्तर ताणाची ठळक लक्षणं दिसतात: तो प्रसंग पुन्हा पुन्हा दिसणं, दवाखान्याच्या वासानेही अंग शहारणं. अशा माणसासमोर शरीराची आकृती ठेवून 'वाटतं ते रंगवा' म्हणणं म्हणजे त्याला तयारी नसताना पुन्हा त्या रात्रीत नेणं. तुमच्या गृहस्थांना बोलता आलं. ज्याला बोलता येत नाही, तो ते घरी घेऊन जातो. म्हणून तिथे प्रशिक्षित माणूस लागतो, जो कधी थांबायचं ते ओळखतो आणि सत्र संपायच्या आत माणसाला जमिनीवर आणतो. आणि चित्र ही तपासणी नव्हे. काळा रंग म्हणजे नैराश्य, लाल म्हणजे राग, असे अर्थ लावणारे पाहिले की मला फार त्रास होतो. काळा वापरणाऱ्याला काळा नुसता आवडतही असतो.

प्रशिक्षित माणूस मिळत नसेल तर साधा चित्रकलेचा तास घ्या. फुलं काढा, नक्षी काढा, सोबत बसा. तेही पुष्कळ आहे, फक्त त्याला उपचार समजून लोकांच्या जखमा उघडू नका.

रिहॅबमधली

अर्थ आम्ही लावला नव्हता, बोलले ते स्वतःच. पण बाह्यरेषेबद्दलचा तुमचा इशारा मला पटतो. नव्या रुग्णांना तो कागद लगेच देणं थांबवायला हवं.

माजघर

माझ्या नवऱ्याची अँजिओप्लास्टी झाली. 'मानसोपचार' म्हटलं की दार बंद. मला वेड लागलंय का, हेच उत्तर. ताळेबंद, तुमचा रीतसर उपचार अशा माणसापर्यंत पोचणार कसा? चित्रांच्या तासाला ते मुलीने हट्ट केला म्हणून गेले, आणि तिथे त्यांच्यासारखेच आणखी चार जण भेटले. घरी आम्हाला जे सांगत नव्हते ते त्या चौघांना सांगतात.

दुसरं म्हणजे, या सगळ्यात जोडीदाराला कोणी विचारत नाही. रात्री ते घोरायचे थांबले की मी हात लावून पाहते. भीती दोघांनाही आहे. सत्रं ठेवायचीच तर आम्हालाही बसू द्या.

ताळेबंद

माजघर, तुमच्या घरातली अडचण खरी आहे आणि ती मी कमी लेखत नाही. तरी माझा क्रम वेगळा राहील. आधी प्रत्येक रुग्णाला दोन साधे प्रश्न: गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होतं का, कशात रस वाटेनासा झाला का. उत्तर 'हो' आलं तर पुढची तपासणी. नैराश्य ठळक असेल तर औषध किंवा समुपदेशन. सर्ट्रालिन हे औषध झटक्यानंतरच्या रुग्णांतही सुरक्षित असल्याचं २००२ पासून माहीत आहे, तरी 'हृदयाला बाधेल' म्हणून कितीतरी जण ते नाकारतात. व्यायाम मनालाही उभारी देतो, आणि व्यायामावर आधारलेल्या रिहॅबने हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी होतात. हे सगळं झाल्यावर चित्रं जरूर ठेवा, ज्यांना हवं त्यांच्यासाठी.

सायंतारा

दोन प्रश्न विचारायला माझा मुळीच विरोध नाही. पण 'एकदम छान' म्हणणाऱ्या गृहस्थांनी त्या दोन्ही प्रश्नांना 'नाही' लिहिलं असतं. तुमच्या क्रमात ते पहिल्याच पायरीवर निसटतात.

नवी_लय आणि कुंचलेकरी यांचं वाचून सजगतेची सक्ती नको, हे पटलं. चित्रांचा तास मात्र सगळ्यांच्या वेळापत्रकात छापलेला असावा, यायचं न यायचं ज्याने त्याने ठरवावं, या मतावर मी आहे. मागून घ्यावी लागणारी गोष्ट पुरुष मागत नाहीत. आणि नैराश्य असलेलेच रुग्ण रिहॅब आधी सोडतात, हे तुम्हीही जाणता. चित्रांच्या ओढीने ते येत राहिले तर ज्या व्यायामाचा पुरावा तुम्ही देता, तोच व्यायाम त्यांच्या पदरात पडेल.

ताळेबंद

हा युक्तिवाद मला चालतो, कारण तो तपासता येतो. दोन गट करा, एका गटाच्या वेळापत्रकात चित्रांचा तास छापा, दुसऱ्याच्या नको, आणि व्यायामाची हजेरी मोजा. फरक पडला तर मी याच धाग्यावर येऊन समर्थन लिहीन.

रिहॅबमधली

मोजायची तर सहाव्या महिन्यातली मोजा. पहिल्या महिन्यात धाक ताजा असतो, तेव्हा सगळेच येतात. आणि माजघर म्हणतात तसं जोडीदारांनाही बसू देणार असाल, तर त्यांची हजेरी वेगळ्या रकान्यात लिहा; माझ्या अनुभवात जोडीदार यायचा थांबला की थोड्याच दिवसांत रुग्णही थांबतो.