मदत हवी आहे : लपवून बाळगायच्या पिस्तुलाची सेफ्टी लावून ठेवावी की काढून?

परवाना झाला, पिस्तूलही आलं. 9 मिमी, स्ट्रायकरवालं (बाहेर हॅमर नसलेलं), मागच्या बाजूला अंगठ्याने खाली-वर करायचा सेफ्टीचा खटका. होल्स्टर पँटच्या आत, उजव्या कमरेला, वरून शर्ट. चेंबरमध्ये गोळी ठेवूनच बाळगणार आहे. तेव्हा 'चेंबर रिकामा ठेवा' हा सल्ला कृपया नको. झटापटीत एक हात अडकला तर स्लाइड ओढायची कशाने?

अडलंय ते खटक्यावर. एक गट म्हणतो, ऐन वेळी सेफ्टी काढायची राहून जाते, म्हणून ती नकोच. ग्लॉक पिस्तुलांना असा खटका कुठे असतो? दुसरा गट 1911 या जुन्या अमेरिकी पिस्तुलाचा दाखला देतो : हॅमर मागे, सेफ्टी वर म्हणजे लावलेली, लोक वर्षानुवर्षं तसंच बाळगतात. पण हल्लीच्या बऱ्याच 1911 चा खटका चांगला लांब असतो, अंगठा आपसूक त्यावर पडतो. माझा खटका चपटा, इवलासा आहे. शर्ट बाजूला करून घाईत पकड घेतली की अंगठा कधी त्याच्यावर, कधी खाली.

शिवाय घरात वडिलांचं बेरेटा 92 आहे. त्याची सेफ्टी स्लाइडवर, आणि उलटी : खाली म्हणजे पिस्तूल बंद. माझ्याकडे खाली म्हणजे चालू. ज्यांनी दोन्ही प्रकार वापरलेत त्यांनी सांगावं.

प्रतिसाद :
खटका असेल तर लावा. अधूनमधून लावणं मात्र सर्वांत वाईट, कारण मग हाताला काहीच ठाम ठाऊक नसतं. लावलेली असो वा नसो, पिस्तूल बाहेर येताना अंगठा दर वेळी खाली घासलाच पाहिजे आणि नंतर खटक्यावरच टेकलेला राहिला पाहिजे.

सगळे बाहेर काढण्याचीच चर्चा करतात. मला जास्त धास्ती परत ठेवण्याची वाटते. शर्टाचं टोक किंवा जॅकेटची दोरी ट्रिगरगार्डमध्ये शिरते, आपण वरून दाबतो आणि गोळी सुटते. सेफ्टी खरी कामाला येते ती तिथे. आधी खटका वर, बोट ट्रिगरपासून लांब, होल्स्टरमध्ये नजर टाकायची, मग सावकाश आत. परत ठेवायची घाई कुणालाच नसते. होल्स्टर कडक हवं, ट्रिगर पूर्ण झाकणारं. मऊ कापडाचं असेल तर सेफ्टीवर विसंबून राहू नका. खटका पट्ट्याला घासून आपोआप खालीही येतो, तेही तपासा.

बेरेटा बाळगण्यासाठी वापरू नका, एवढंच. अंगठा सवयीने खाली गेला की ते बंद होईल.

प्रतिसाद :
वरच्यांशी अर्धाच सहमत. डबल अ‍ॅक्शन (ट्रिगर ओढतानाच हॅमर मागे जाऊन सुटतो अशा) रिव्हॉल्व्हरला सहसा खटका नसतो, ट्रिगरची लांब, जड ओढच पुरते. हलक्या ट्रिगरला खटका हवा हे मान्य. पण खटका एकाच बाजूला आहे का? उजवा हात जायबंदी झाला तर डाव्याने काढता येतो का, हे पिस्तूल रिकामं करून, चेंबर दोनदा बघून, करून पाहा.

धागाकर्ता :
आत्ताच रिकामं करून पाहिलं. खटका फक्त डाव्या बाजूला आहे. डाव्या हातात धरलं तर अंगठा पोचतच नाही, तर्जनीने खाली ओढावा लागतो. दोन्ही बाजूंचा खटका नंतर बसवून घेता येतो का? की त्यापेक्षा मॉडेलच बदलावं?