एक्स-रे नॉर्मल, तरी खांदा दुखतो. एमआरआय करावा का?

फळा_खडू: वय ४८, शाळेत गणित शिकवते. चार महिने झाले, फळ्याच्या वरच्या भागावर लिहायला हात उचलला की उजव्या दंडात कळ जाते. वलणीवर चादर टाकतानाही तेच. नवल म्हणजे हात पूर्ण वर गेला की दुखत नाही, मधल्या टप्प्यातच दुखतं. रात्री उजव्या कुशीवर झोपता येत नाही. डॉक्टर म्हणाले, इंपिंजमेंट वाटतंय, म्हणजे हात उचलताना खांद्यात काहीतरी हाडाखाली दाबलं जातंय, एमआरआय करून या. एक्स-रेत काहीच नाही, मग दुखतं कशाने?

प्रोबवाली: मी रेडिओलॉजिस्ट आहे, रोज खांद्यांची सोनोग्राफी करते. एक्स-रेत हाडं दिसतात. वाढलेलं हाड, कॅल्शियमचा साठा, सांध्याची झीज कळते, पण स्नायूला हाडाशी जोडणारा टेंडन आणि त्यावरची बर्सा, म्हणजे घर्षण कमी करणारी पातळ पिशवी, दिसत नाही. तुमचं दुखणं बहुधा तिथेच आहे. साधारण ६० ते १२० अंशांमध्ये दुखणं ही इंपिंजमेंटची जुनी खूण. एमआरआयला तुम्ही निश्चल पडून राहता. सोनोग्राफीत मी हात उचलायला लावते आणि बर्सा हाडाखाली अडकते का ते तिथेच बघते. मात्र ही तपासणी करणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून असते, तेव्हा खांदे नेहमी बघणाऱ्याकडेच जा. पडल्यावर अचानक हात उचलेनासा झाला असता, तर लगेच एमआरआय करा म्हटलं असतं.

कोल्हापूरकर६१: ताई, माझा अनुभव सांगतो. एमआरआयच्या रिपोर्टात 'पार्शल टेअर', म्हणजे टेंडनला अर्धवट फाट, वाचून मी हादरलो, ऑपरेशनची तयारी करायला लागलो. फिजिओथेरपिस्ट बाईंनी विचारलं, डाव्या खांद्याचा काढलाय का? काढला तर तिथेही सापडेल कदाचित. घरी येऊन शोधलं. १९९५ साली खांदा अजिबात न दुखणाऱ्या ९६ जणांचे एमआरआय काढले होते, त्यातल्या ३४ टक्क्यांच्या टेंडनमध्ये फाट निघाली! साठीच्या पुढे तर निम्म्याहून जास्त. तीन महिने रबरबँडचे व्यायाम केले. आता पाण्याची कळशी उचलतो.

प्रोबवाली: काका, अगदी हेच. ब्रिटनमध्ये हाड घासून जागा मोकळी करण्याच्या शस्त्रक्रियेची तुलना नुसती दुर्बीण घालून बघण्याशी केली होती, २०१८ साली निकाल आला. रुग्णाला जाणवेल असा फरक पडला नाही. म्हणून आधी हाताने तपासणी, मग व्यायाम. चित्र त्यांच्या मदतीला.

फळा_खडू: काल सोनोग्राफी करून आले. तळहात मागच्या खिशावर ठेवल्यासारखा कमरेमागे नेऊन बसवलं, वर गार जेल. मग हात बाजूने उचलायला सांगितला. पडद्यावर एक काळी पट्टी हाडाच्या कडेशी येऊन गोळा झाली आणि नेमकी त्याच क्षणी मला कळ आली. चार महिन्यांनी कुणीतरी माझं दुखणं डोळ्यांनी बघितलं, मला तिथेच रडू आलं. बर्सा सुजलीय, टेंडन जाड झालाय, फाट नाही. डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला, ते म्हणाले एमआरआय आता नको. सोमवारपासून व्यायाम. तोवर फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच लिहितेय, मागच्या बाकावरच्या मुलांना उठून पुढे यावं लागतं. काका, रबरबँड कुठल्या रंगाचा घेतला होता पहिल्यांदा?