मदत हवी आहे: चार देशांतल्या सुट्ट्या जुळवून आईच्या सहस्रचंद्रदर्शनाची तारीख कशी काढू?

नमस्कार मंडळी,

आईचा जन्म जुलै १९४६च्या पहिल्या आठवड्यातला. यंदा तिला ऐंशी पूर्ण होतायत. सहस्रचंद्रदर्शन पुण्यातच, घरच्या माणसांत करायचं आहे आणि तिची अट एकच आहे: "सगळी पोरं समोर हवीत." पोरं म्हणजे दादा म्युनिकला, धाकटी बहीण योकोहामाला, आईनेच वाढवलेला मामेभाऊ दुबईला आणि माझी मुलगी न्यू जर्सीत नोकरीला.

मी इथे एका सहकारी बँकेत आहे. आमच्याकडे वर्षाच्या सुरुवातीला सुट्ट्यांचा तक्ता येतो. १८८१च्या परक्राम्य संलेख अधिनियमाखाली राज्य सरकार त्या जाहीर करतं, तक्ता भिंतीवर लावला की वर्षाची काळजी मिटते. बाकी देशांतही असंच असेल, फक्त तारखा वेगळ्या, असं मी धरून चालले होते. मागच्या नाताळात सगळ्यांनी यायचं मी परस्पर ठरवून टाकलं. बहिणीचा फोन आला, "ताई, जपानमध्ये २५ डिसेंबरला ऑफिस चालू असतं गं." दुबईतही तेच. दादा एकटाच आला. आईने तक्रार केली नाही, पण चार ताटं जास्तीची वाढून ठेवली होती ती तिने स्वतःच उचलली. ते पुन्हा व्हायला नको, म्हणून यावेळी आधी विचारतेय.

आतापर्यंत कळलेलं लिहिते, चुकलं असेल तर सांगा.

जर्मनीत देशभर सारख्या अशा सुट्ट्या नऊच. त्यातला ३ ऑक्टोबर, म्हणजे जर्मनी एक झाल्याचा दिवस, केंद्राने ठरवलेला. बाकीच्या ज्याच्या त्याच्या राज्याने. बायर्नमध्ये, म्हणजे दादाच्या राज्यात, बारा. शिवाय १५ ऑगस्टला मेरीमातेच्या स्वर्गारोहणाची सुट्टी आहे, पण जिथे कॅथलिक वस्ती जास्त तिथेच. म्युनिकला ती मिळते. जवळच्या आउग्सबुर्ग शहराला ८ ऑगस्टची एक आणखी, फक्त त्या शहरापुरती. आपल्याकडे जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात तसं काहीसं. आणि सुट्टी शनिवारी-रविवारी आली की बुडाली, बदली मिळत नाही.

जपानमध्ये वर्षाला सोळा. सुट्टी रविवारी आली तर बदली दिवस मिळतो. दोन सुट्ट्यांच्या मध्ये एकच कामाचा दिवस अडकला तर तोही सुट्टीचा होतो, हे मला फार आवडलं. या सप्टेंबरात तसंच होतंय: २१ला ज्येष्ठांच्या सन्मानाचा दिवस, २३ला शरद संपात, म्हणजे दिवस-रात्र सारखे असण्याचा दिवस, म्हणून मधला २२ही सुट्टी. ज्येष्ठांच्या दिवशीच आईचा सोहळा, असं मनात आलं होतं. पण १४ला गणपती बसतायत आणि २५ला अनंत चतुर्दशी आहे. आम्ही नारायण पेठेत राहतो. त्या दिवसांत गाडी दारापर्यंत येत नाही आणि आईला चालवत नाही.

दुबईच्या ईदा चंद्रावर. हिजरी वर्ष साधारण अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे ईद दरवर्षी अलीकडे सरकते आणि पक्की तारीख चंद्र दिसल्यावरच. अमेरिकेत केंद्र सरकारच्या अकरा सुट्ट्या आहेत, पण खासगी कंपनीने त्या द्यायलाच हव्यात असा केंद्राचा कायदा नाही. मुलीला वर्षाला मोजून सहा मिळतात.

माझ्या डोळ्यासमोर दोन पर्याय आहेत: येत्या ३१ डिसेंबरच्या आसपास किंवा मे २०२७चा पहिला आठवडा. कुठला धरू? आणि तारखा नक्की कुठून पडताळायच्या? इंटरनेटवरच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत.

प्रतिसाद १

ताई, मी सात वर्षं ओसाकाला होतो. कायद्याने तिकडे १ जानेवारी एवढीच सुट्टी, पण सरकारी कचेऱ्या २९ डिसेंबर ते ३ जानेवारी बंद असतात आणि बहुतेक कंपन्या तेच पाळतात. त्यामुळे डिसेंबरअखेर बहिणीला जमेल. मे मात्र तिच्यासाठी त्याहून चांगला. २०२७ला २९ एप्रिलची सुट्टी गुरुवारी आहे, ३, ४, ५ मेच्या सुट्ट्या सोमवार ते बुधवार. मधल्या शुक्रवारची एक रजा टाकली की सलग सात दिवस. फक्त सगळा जपान त्याच आठवड्यात बाहेर पडतो, तेव्हा तिकिटं अगदी लवकर काढायला सांगा. याद्या जुळत नाहीत कारण संपाताचे दिवस खगोलशास्त्रीय गणितावर ठरतात आणि सरकार ते आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीत जाहीर करतं. जपानच्या मंत्रिमंडळ कार्यालयाच्या संकेतस्थळावरचीच यादी धरा.

प्रतिसाद २

बायर्नमध्येच राहते. डिसेंबरात यंदा २६ तारीख शनिवारी, म्हणजे एक सुट्टी गेलीच. ६ जानेवारी आम्हाला असते, पण बुधवारी. मे २०२७मध्ये १ तारीख शनिवारी जातेय, मात्र ६ मे गुरुवारी ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाची सुट्टी आहे. ती ईस्टरनंतर एकोणचाळिसाव्या दिवशी येते, म्हणून कायम गुरुवारीच. पुढच्या शुक्रवारला इथे 'पुलाचा दिवस' म्हणतात, निम्मं ऑफिस रजेवर. तुमच्या दादांनी ३, ४, ५ आणि ७ अशा चार रजा टाकल्या तर १ ते ९ मे मोकळे. पण सहकाऱ्यांच्या आधी अर्ज करायला हवा, त्या शुक्रवारासाठी ऑफिसात चढाओढ असते.

प्रतिसाद ३

सुट्ट्यांचं बाकीचे सांगतीलच, मला आईंच्या चंद्रांबद्दल लिहायचंय. ऐंशी वर्षांत पौर्णिमा ९६० नव्हे, अधिक महिने धरून साधारण ९९० होतात. आईंचा जन्म जुलै १९४६च्या पौर्णिमेआधीचा आहे, म्हणजे त्यांची पहिली पौर्णिमा १४ जुलैच्या सुमाराची. तिथून मोजत आलं की हजारावी येते २० एप्रिल २०२७ला, चैत्री पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या दिवशी. डिसेंबरअखेर ९९६च होतात. एक्याऐंशीवं लागलं की विधी करायची पद्धत आहेच, त्यात चूक काही नाही. पण मे धरलात तर हजार खरोखर पूर्ण झालेले असतील.

धागाकर्तीचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार. प्रतिसाद ३ आईला वाचून दाखवला. तिने पंचांग मागून घेतलं आणि स्वतः बोटांवर मोजायला बसली.

मेच धरतेय. दुबईच्या भावाशी बोलले. २०२७ची बकरी ईद १६ मेच्या आसपास आहे, तेवढ्यासाठी थांबलो तर बहिणीची सुट्टी संपलेली असेल. तो म्हणाला, "माझ्यासाठी तारीख हलवू नकोस, आत्यासाठी मी बिनपगारी रजा घेईन." मुलीने जुलै-ऑगस्टमधल्या रजा वाचवायचं ठरवलंय. १ ते ४ मेमधला नेमका दिवस गुरुजी तिथी बघून सांगणार आहेत.

आता एकच विचारायचं राहिलं. पेठेत किंवा सदाशिव-नवीच्या बाजूला, लिफ्ट असलेला, साधारण साठ माणसांचा हॉल कुणाच्या पाहण्यात आहे का? आईला एकही पायरी चढावी लागू नये.