'द लास्ट वर्ड' : शेवटचा शब्द, शेवटचे शब्द, की आणखी काही?

तबकडी :
गाणी ऐकणाऱ्या आम्हा पाचसात जणांसाठी दर महिन्याला एका अल्बमवर पानभर टिपण लिहितो. या खेपेला ओ'जेजचा 'द लास्ट वर्ड' घेतलाय, २०१९चा. अमेरिकेत ओहायोतल्या कँटन गावच्या शाळकरी पोरांनी १९५८ मध्ये जमवलेला हा सोल, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांचं भावभरलं संगीत, गाणाऱ्यांचा संच. एडी लेव्हर्ट आणि वॉल्टर विल्यम्स तेव्हापासूनचे, एरिक नोलन ग्रँट बऱ्याच नंतर आलेला. हा आपला शेवटचा अल्बम, हे त्यांनी आधीच जाहीर केलं होतं.

नावापुढे मराठी अर्थ द्यायची माझी सवय आहे. 'शेवटचा शब्द' असं लिहिलं आणि घरात वाचून दाखवलं. आतून प्रश्न आला, "कोण गेलं?"

शेंगदाणा :
घरच्यांनी अनेकवचन ऐकलं असणार. 'शेवटचे शब्द' म्हटलं की माणूस अंथरुणावर, उशाशी गंगाजळ. एकवचनात प्रकरण वेगळं आहे. "आमच्याकडे लग्न ठरवताना शेवटचा शब्द आत्याचा" यात कुणी मरत नाही, उलट आत्या भलतीच ठणठणीत असते. इंग्रजी नावात हाच अर्थ आहे ना? म्हणजे तुमचं बरोबर आहे, खुशाल लिहा.

(सोल म्हटलं की मला अजून चपलेचा तळच आठवतो, ते सोडा.)

मोडीवाचक :
खुशाल नको. मराठीत 'शब्द' हा नुसता शब्द नसतो, वचनही असतं. आपण शब्द देतो, पाळतो, फिरवतो. कुणाच्या नोकरीसाठी साहेबांकडे शब्द टाकतो. "मी तुमच्या शब्दाबाहेर नाही" म्हणतो. त्यामुळे 'शेवटचा शब्द' नुसतं छापलं तर वाचक विचारेल, कुणी कुणाला दिला? आणि "हा माझा शेवटचा शब्द" हे वाक्य आपण कधी बोलतो ते आठवा. भाव करताना, नाहीतर भाऊबंदकीत. त्यात अडून बसणं आहे. हा अल्बम अडून बसलेला आहे का, ते तबकडी यांनी सांगावं.

तबकडी :
चांगलं विचारलंत. एक गाणं तसं आहे, 'अबव्ह द लॉ'. पैसेवाल्यांना आणि सत्तेतल्यांना कायदा लागत नाही, यावरचं. पण बाकीचा अल्बम काही हट्टाला पेटलेला नाही. 'एन्जॉय युवरसेल्फ' लिहिण्यात आजचा पॉपगायक ब्रूनो मार्स याचा हात आहे, निर्मात्यांमध्ये मायामीची जुनी सोल गायिका बेट्टी राइट आहे. आणि सगळ्यात शेवटी 'आइल बी स्वीटर टुमॉरो'. हे त्यांचंच १९६७चं गाणं, पुन्हा गायलेलं. उद्या मी याहून गोड वागेन, असं पंच्याहत्तरी उलटलेला लेव्हर्ट म्हणतो. पंचविशीत हे वाक्य म्हणजे थाप असते. या वयात त्याचं काय होतं, हे ज्यानं त्यानं ऐकावं. पण 'माझा शेवटचा शब्द' म्हणून टेबलावर मूठ आपटणारा माणूस असं गात नाही, एवढं नक्की.

कट्टेकरी :
मध्येच घुसतो. याच मंडळींचं १९७२चं 'बॅक स्टॅबर्स' आहे, त्याला मराठीत काय म्हणाल? 'पाठीत खंजीर खुपसणारे' हे वाक्य झालं, नाव नाही.

शेंगदाणा :
'अस्तनीतले निखारे'. तोंडावर हसणारे आणि मागून घात करणारे दोस्त, हाच त्या गाण्याचा विषय. फक्त आपल्याकडे खंजिराच्या जागी आग आहे, आणि ती आपल्याच बाहीत आहे. मला तर मूळापेक्षा हे जास्त जहाल वाटतं. आता विषयावर या.

मोडीवाचक :
येतो. माझा प्रस्ताव : 'निरोप'.

कारण सांगतो. यांची गाजलेली गाणी निघाली ती फिलाडेल्फियात, केनेथ गॅम्बल आणि लिऑन हफ यांच्या कंपनीतून. संगीतातून काही सांगायचं असतं, हे गॅम्बलचं ब्रीदच होतं. ओ'जेजचा १९७६चा एक अल्बम तर 'मेसेज इन द म्युझिक' नावाचाच आहे. म्हणजे जन्मभर यांनी निरोप पोचवले, आणि २०१९ मध्ये निरोप घेतला. मराठीत दोन्हीला एकच शब्द आहे. इंग्रजांना असा शब्द मिळाला असता तर त्यांनी तोच वापरला असता.

कट्टेकरी :
वा! पण गॅम्बलचा तो 'संदेश' झाला, 'निरोप' नव्हे. संदेश राष्ट्राला उद्देशून असतो. निरोप म्हणजे "आईनं सांगितलंय, येताना कोथिंबीर आण".

मोडीवाचक :
म्हणूनच निरोप हवा. 'संदेश' उंचावरून येतो. निरोप कुणीतरी चालत येऊन देतं, ओळखीचा माणूस ओळखीच्या माणसाला. १९७३ मध्ये गाजलेलं यांचं 'लव्ह ट्रेन' आठवा. जगातल्या लोकांनो हात धरा, गाडीत चढा, असं सांगणारं गाणं. ते भाषण वाटत नाही, फलाटावरून मारलेली हाक वाटते.

शेंगदाणा :
क्रियापदांकडेही बघा, फार मजा आहे. 'निरोप दिला' म्हणजे सांगावा पोचवला किंवा जाणाऱ्याला वाटेला लावलं. 'निरोप घेतला' म्हणजे आपण निघालो. पण "मी नसताना फोन आला तर निरोप घेऊन ठेव" यात कुणीच कुठे निघालेलं नाही. दोन्ही क्रियापदांना दोन्ही अर्थ. आणि "आता आम्हाला निरोप द्या" यात तर जायची परवानगी मागणं आहे. गायक श्रोत्यांना हेच म्हणत असतो.

माझी एकच तक्रार. यात आत्या गेली. कुणाचं म्हणणं अखेरचं, हा अधिकाराचा अर्थ 'निरोप'मध्ये अजिबात नाही.

तबकडी :
आत्या गेली हे खरं. पण यांच्या बाबतीत अखेरचं तरी काय अखेरचं होतं? अल्बम २०१९ मध्ये आला आणि त्यानंतर २०२२ मध्ये निरोपाचा दौरा सुरू झाला, नाव 'लास्ट स्टॉप ऑन द लव्ह ट्रेन'. शेवटच्या शब्दानंतर शेवटचा थांबा!

कट्टेकरी :
म्हणजे आमचे काका. "बरंय, निघतो" म्हणून उठतात, चपला घालतात, आणि मग दारात उभं राहून पाऊण तास बोलतात. खरं बोलणं तिथेच होतं.

तबकडी :
ठरलं. टिपणावर 'निरोप' टाकतो. आत्यासाठी आत एक वाक्य ठेवतो.