हलकं कार्पेट: भोकं सगळ्यात शेवटी

गाडीचं वजन कमी करायला जाड कार्पेटच्या जागी पातळ कार्पेट बसवताना काही जण सुचवतात की जुनं कार्पेट नव्यावर ठेवून सीटच्या बोल्टची भोकं आधीच पाडून घ्या. तसं करू नका. जुनं कार्पेट जाड अस्तरावर बसलेलं असतं. नवं पातळ कार्पेट पत्र्याला चिकटून बसतं, त्यामुळे भोकं सरकतात.

सीट काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून दहा मिनिटं थांबा, सीटखाली एअरबॅगचे कनेक्टर असतात. कार्पेट तासभर उन्हात पसरा. मग मधल्या बोगद्यापासून (पुढच्या दोन सीटमधल्या पत्र्याच्या उंचवट्यापासून) बाहेरच्या बाजूला बसवत जा. सुरकुती राहिली तर हीट गनने लांबून ऊब द्या, जवळ धरली की धागे वितळून चकाकतात. सगळं बसल्यावरच खालून टोच्याने भोक शोधा आणि तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने पाडा. ब्लेडने कापलेल्या कडेचा धागा फिरत्या बोल्टला गुंडाळतो आणि अख्खी ओळ उसवते. भोकाभोवती सीटचा रूळ जिथे टेकतो, तिथे मात्र कार्पेट ठेवूच नका. रूळ पत्र्यावरच टेकला पाहिजे, नाहीतर कार्पेट दबून बोल्ट ढिले पडतात.

वजन वाचतं ते मुख्यतः अस्तर गेल्यामुळे, म्हणून आवाज वाढणारच. एक्झॉस्टच्या वरच्या भागात तरी फॉइलचं उष्णतारोधक लावा. शेवटी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून बघा, कड पेडलखाली अडकता कामा नये.