रोज फडक्याने गाडी पुसून घेणं म्हणजे पैसे देऊन ओरखडे पाडून घेणं

सुदामानगरी
परवा रात्री पेट्रोल पंपावर रांगेत होतो. वरून पांढरा लख्ख दिवा, खाली माझी चार वर्षांची काळी गाडी, आणि बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे. हे कुणी खोडसाळपणे किल्लीने ओढलेले नाहीत. सकाळी साडेसहाला गल्लीत येणाऱ्या भाऊंकडून मीच दरमहा ५०० रुपये देऊन पाडून घेतलेत. एक बादली, एक फडकं, अकरा गाड्या. पाचव्या गाडीपर्यंत त्या पाण्याचा काढा झालेला असतो.

धूळ म्हणजे पावडर नव्हे. तिच्यात वाळूचे कण असतात आणि ते क्लिअरकोटपेक्षा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा, कठीण असतात. शिवाय आपल्या इंदुरात सगळीकडे खोदकाम. तीच धूळ फडक्याखाली धरून रोज घासायची आणि वर म्हणायचं, गाडी चमकते!

माझं मत सरळ आहे. गाडी थोडे दिवस मळकी राहू द्या. पंधरा दिवसांतून एकदा स्वतः सावलीत धुवा. आधी नुसतं पाणी ओतून माती वाहू द्यायची. चाकांचं फडकं वेगळं. दोन बादल्या: एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. प्रत्येक हात फिरवला की फडकं आधी साध्या पाण्यात खळबळायचं, मगच शाम्पूत. छतापासून खाली यायचं आणि दारांचा खालचा भाग शेवटी, कारण खरी रेती तिथेच असते. भांड्यांचा साबण नको, तो मेणाचा थर उतरवतो. शेवटचं पाणी बोअरिंगचं नको. ते जड असतं, वाळलं की पांढरे ठिपके सोडतं. शेवटी नळाची नर्मदा.

स्नेहलतागंज_७१
आमची मारुती ८०० सन १९९६ ची. रोज सकाळी चहाच्या आधी जुन्या बनियनने पुसतो. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झाली असतील. परवा भाचीच्या लग्नात नेली तर पोरं फोटो काढत होती. दोन बादल्या, तीन फडकी, सावली... गाडी धुताय की सत्यनारायण घालताय?

सुदामानगरी
काका, तुमची गाडी पांढरी ना? पांढऱ्यावर ओरखडे दिसत नाहीत, काळ्यावर लपत नाहीत. आणि त्या काळच्या साध्या रंगांवर बहुधा वेगळा पारदर्शक थर नसायचा. वर्षातून एकदा पॉलिश मारलं की वरचा मेलेला रंग निघून खालचा ताजा दिसतो. थोडं पॉलिश लावून घासून बघा. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर तुमच्या गाडीवर तो वेगळा थर नाही.

कान्हकाठी
ओरखड्यांचं राहू द्या. त्या शेवटच्या वाक्यावर बोलू, "शेवटी नळाची नर्मदा". ती नर्मदा नदीकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर नळातून येते, घाट चढून, ५०० मीटरच्या वर उचलून. आपल्याकडे एक दिवसाआड. बेंगळुरूत मार्च २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर ५,००० रुपये दंड लावला होता. आपण त्या दिवसाची वाट बघतोय का?

आणि फेस कुठे जातो? पोर्चमधून पावसाळी नालीत, तिथून कान्ह नदीत, कान्ह उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. २०२१ मध्ये शहराला स्वच्छतेचं 'वॉटर प्लस' प्रमाणपत्र मिळालं ते सांडपाणी तसंच नदी-नाल्यात सोडत नाही म्हणून. २०१७ पासून स्वच्छतेतल्या पहिल्या नंबरचे ढोल आपणच वाजवायचे आणि शाम्पू-ग्रीस गुपचूप नालीत! भाऊंची एक बादली अकरा गाड्यांना पुरते, हे मला तरी तुमच्या पद्धतीपेक्षा बरं वाटतं.

सुदामानगरी
नालीचं मान्य. पुढच्या वेळी गाडी मागच्या कच्च्या जागेत घेतो, आणि शाम्पू एक झाकणच.
पाण्याचं मात्र मान्य नाही. सगळ्या मिळून तीन बादल्या, म्हणजे पंचेचाळीस लिटर. पाइप मोकळा सोडला तर मिनिटाला दहा-पंधरा लिटर जातात, वीस मिनिटांत किती ते तुम्हीच मांडा. शेवटच्या पाण्याला उपाय सापडलाय: एसीचं पाणी. ते हवेतलं बाष्प थंड होऊन पडलेलं असतं, क्षार जवळजवळ नाहीत, ठिपके पडत नाहीत. मे महिन्यात आपली हवा कोरडी असल्यामुळे फार निघत नाही, जुलैत आरामात बादली भरते. (आरओचं वाया जाणारं पाणी मात्र वापरू नका. सगळे क्षार त्यातच उरलेले असतात.)

पॉलिशवाला
डिटेलिंगचं, म्हणजे गाड्यांच्या बारीक सफाई-पॉलिशचं, दुकान आहे, म्हणून आधीच सांगतो, माझा स्वार्थ आहे. धुणं घरी करा, खुशाल करा. पण ओरखडे काढायला ऑनलाइन मशीन मागवू नका. क्लिअरकोट साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षा पातळ. पॉलिश ओरखडा "भरत" नाही, आजूबाजूचा थर त्याच्या पातळीला खाली आणतं. तो थर परत येत नाही. गेल्या महिन्यात एक गिऱ्हाइक ड्रिलला पॅड लावून घासून आलं. बॉनेटच्या कडेला थर सगळ्यात पातळ, तिथून रंग जळून प्रायमर दिसत होता. त्याला आता पूर्ण बॉनेट रंगवावं लागलं.
रंगावर सिरॅमिक कोटिंगचा संरक्षक थर देऊन घेणाऱ्यांनीही ऐका. त्याने धुणं सोपं होतं, गाडी चिलखती होत नाही. पक्ष्यांची विष्ठा त्याच्यावरही उन्हात ठेवली तर डाग पडतो. ओलं फडकं पाच मिनिटं वर ठेवायचं, मऊ झाली की उचलायची. खरवडायची नाही.

गेरवीर
रंगपंचमीचा गुलाबी डाग दाराच्या रबरावरून कसा काढायचा?

पॉलिशवाला
गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, दिवशी राजवाड्याकडे गाडी नेलीच कशाला, भिया?

तिलकनगरच्या_वहिनी
आमच्याकडेही हेच भाषण झालं होतं. "पंधरा दिवसांनी मी स्वतः धुणार." वर्षात दोनदा धुतली, एकदा दसऱ्याला, एकदा साडू येणार होते म्हणून. त्या भाऊंचा महिना तुमच्या पाचशे-पाचशेवर चालतो. त्यांना काढण्याआधी दोन स्वच्छ फडकी आणि एक बादली तुमच्या घरची दिलीत का कधी? फडकं त्यांचं आणि पाणीही त्यांनीच आणायचं, मग ओरखडे कुणाचे?

सुदामानगरी
वहिनी, लागलं.
आज बोललो त्यांच्याशी. म्हणाले, "साब, अकरा गाड्या, एक तास. पहले पानी डालूँगा तो टाइम कहाँ से लाऊँ?" ठरलं असं: पैसे तेच, रोजच्याऐवजी आठवड्यातून दोनदा, फडकी माझी, आधी पाणी ओतायचं. समोरचे जोशी काका आता माझ्याकडे रागाने बघतात, "तुमच्यामुळे आमच्याकडे उशिरा येतो."
ओरखड्यांना हात लावत नाही. राहू देत.

स्नेहलतागंज_७१
सांगितल्याप्रमाणे पॉलिश लावून बनियनने घासलं. बनियन पांढरं. मग लक्षात आलं, ते आधीपासूनच पांढरं होतं. सौ.चं निळं फडकं घेऊन पुन्हा घासलं. तेही पांढरं झालं.
तरी उद्या सकाळी पुसणारच.