गेमबुक फोनवर आणलं की जीव जातो म्हणे!

गोदाकाठ (परभणी): काल एकानं लिहिलं, गेमबुक (वाचणाराच वाट निवडतो आणि त्या नंबरच्या परिच्छेदावर उडी मारतो, तसली गोष्ट) कागदावरच वाचावं, मागच्या पानात बोट अडकवून, कॉम्प्युटरवर आणलं की त्याचा जीव जातो. रात्रभर तेच डोक्यात. अरे बाबा, तुझं बोट पानात होतं कारण तुझ्या घरात पुस्तक होतं! आमच्या गावच्या वाचनालयात दिवाळी अंक आला तरी लई झालं. लोन वुल्फ या गेमबुक मालिकेचा लेखक जो डेव्हर, त्यानं १९९९ ला ती पुस्तकं इंटरनेटवर फुकट ठेवायला परवानगी दिली, प्रोजेक्ट एऑन या साइटवाल्यांनी बिनपैशाचं राबून चुका दुरुस्त केल्या, म्हणून मी ती वाचली, कॅफेत तासाला वीस रुपये मोजून. "अमुक नंबरवर जा" ची लिंक झाली, मजकूर तोच. कुठं गेला जीव? आणि मराठीत कामून नको? दौलताबाद किल्ल्यातली अंधारी, तो काळोखा भुयारी रस्ता, घ्या की. खंदक, काळोख, वळणं, ३५० परिच्छेद सहज निघतात. अशा गोष्टी बनवायचं ट्वाइन सॉफ्टवेअर फुकट आहे, २००९ पासून आहे, एकच एचटीएमएल फाइल निघते, एकदा मोबाईलमध्ये घेतली की नेट नसलं तरी चालते.

जुनं_पान (संभाजीनगर): तो "एकानं" म्हणजे मीच, नाव घ्यायला लाज वाटली का? १९८२ चं फायरटॉप माउंटन हे गेमबुक, ४०० परिच्छेद, लढाया फासे टाकून लढायच्या, मी एकही खरी लढलो नाही. फासे टाकलेच नाहीत, जिंकलो म्हणायचं आणि पुढं. ही चोरी म्हणजेच गेमबुक. कॉम्प्युटर फासे तोच टाकणार, तोच मारणार, आपण नुसतं बघायचं.

गोदाकाठ: लोन वुल्फला फासे नाहीतच, डोळे मिटून आकड्यांच्या तक्त्यावर पेन्सिल टेकवायची. आणि सॉर्सरी या गेमबुकचं २०१३ ला अॅप आलं त्यात मागं सरकता येतं. म्हणजे चोरीची सोय आहे, खुश?

लेक_नांदेडची: तुम्ही दोघं फाशांवर भांडा. मी ट्वाइनमध्ये अंधारी लिहायला घेतली, पंधराव्या परिच्छेदाला अडकले. "तू अंधारात शिरलास" का "शिरलीस"? इंग्रजीत यू म्हटलं की सुटले. माझ्या भाचीनं पहिल्याच पानावर फोन परत दिला, "मावशी, हा मुलगा कोणय?"

सातबारा (लातूर): एवढंच? तुम्ही लिहा. "तुम्ही शिरलात." दोघांनाही चालतं.

जुनं_पान: "तुम्ही खंदकात पडलात." एसटीतली सूचना आहे का ही?

सातबारा: आमच्याकडं आईला तू, बापाला तुम्ही. आणि ही पुण्याची भाषा बंद करा आधी, "जातोस" नाही, "जायलास" लिहा, आपली लेकरं तेच बोलायलेत.

लेक_नांदेडची: दादा, जायलास लिहा नाहीतर जातोस, मुलीला जायलीस करावंच लागतंय ना! वाचता तरी का दुसऱ्याचं? "तू दार उघडलंस" ला अडचण नाही, तिथं दाराचं लिंग लागतं. पण पळायचं कसं, पडायचं कसं, मरायचं कसं?

सातबारा: आम्हाला व्याकरण शिकवू नका ताई. बोली लिहायची लाज वाटते ते सांगा.

लेक_नांदेडची: लाज? माझी आजी हिंगोलीची, घरात आम्ही तेच बोलतो. तुम्ही एक परिच्छेद लिहून दाखवा, मग बोला.

जुनं_पान: भविष्यकाळाला लिंग नाही बरं का. "डावीकडं वळशील तर ४७."

लेक_नांदेडची: फाट्यावर चालेल, घेते. पण अख्खी गोष्ट तशी लिहिली तर पोपटवाल्याचं भविष्य होईल.

गोदाकाठ: अहो, ट्वाइनमध्ये पहिल्याच पानावर विचारायचं, मुलगा का मुलगी. पुढं ते आपोआप शिरलास-शिरलीस करतं. कागदाला जमतं का हे?

लेक_नांदेडची: आपोआप? प्रत्येक ठिकाणी दोन्ही रूपं मलाच टाइप करायचीत. पण हो, होतंय. करून बघते.

जुनं_पान: बरं, हे एक कागदाला जमत नाही. एकच. ताई, मुलीची अंधारी झाली की फाइल पाठवा, प्रिंट काढून वाचीन.